एकशेआठ द्रोण आणि एक रांजण

फार पूर्वी, राण्या जेव्हा पायी बागेत यायच्या आणि माळ्यांना नावानं ओळखायच्या, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या उतारावर एक नगर होतं आणि नगराच्या मधोमध एक बाग होती. बाग राणीची, पण वाफे माळ्यांचे. एकशेआठ घरं, एकशेआठ वाफे. ज्या घराच्या वाट्याला जो वाफा आला, तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराचा. कुणी शेवंती लावायचं, कुणी निशिगंध, कुणी अबोली. वाफा फुलला तर घर हसायचं, वाफा सुकला तर घर गप्प व्हायचं.

पाणी डोंगरावरच्या तळ्यातून यायचं. खापराच्या नळांतून उतरत उतरत बागेत पोचायचं आणि कारंज्यांच्या तोंडांतून तुषार होऊन वाफ्यांवर पडायचं. ऐकायला छान वाटतं ना? दिसायलाही छान होतं. बाग मात्र ठिगळं लावलेल्या गोधडीसारखी दिसायची. इथे हिरवीगार, चार पावलांवर पिवळी, पुढे पुन्हा हिरवी. लोक म्हणायचे, जमिनीचा गुण आहे. ज्यांचे वाफे पिवळे होते ते म्हणायचे, आमचं नशीब.

या नगरात एक रीत होती. नवा कारागीर आला आणि त्यानं कारंजी बसवली, की त्याच्या कामाची परीक्षा व्हायची. प्रत्येक वाफ्यात पळसाच्या पानांचा एक द्रोण ठेवायचा. घटिकापात्र पाण्यात बुडेपर्यंत, म्हणजे घटकाभर, कारंजी चालू ठेवायची. मग प्रत्येक माळ्यानं आपला द्रोण उचलून आणायचा आणि चबुतऱ्यावरच्या भल्यामोठ्या रांजणात ओतायचा. रांजणाच्या आतल्या अंगाला एक रेघ खोदलेली होती. पाणी रेघेला टेकलं की काम पसंत. कारागिराला शेला मिळायचा आणि बागेचं पाटकरीपण, म्हणजे पाण्याचा सगळा कारभार, त्याच्या हाती यायचा. नाही टेकलं, तर कारागिरानं आपली पाणसळ राणीच्या पायाशी ठेवायची आणि जन्मात पुन्हा पाण्याच्या कामाला हात लावायचा नाही.

पाणसळ म्हणजे पाणी भरलेली लाकडी पट्टी. तिच्यावरून कारागीर जमिनीचा चढउतार पाहतो. पाणसळ गेली की कारागीर गेला, असंच समजा.

आजवर तीन कारागीर आले होते. तिघांच्याही वेळी पाणी रेघेला टेकलं, तिघांनी शेले पांघरले. बाग गोधडीची गोधडीच राहिली. तिसरा कारागीर म्हातारा होऊन वारला आणि जुने नळही फुटायला लागले, तेव्हा राणीनं दवंडी पिटवली. दवंडी ऐकून दूरच्या माळरानावरून एक बाई आली. लोक तिला कारंजेवाली म्हणायला लागले. तिच्याबरोबर तिचा नवरा होता. तो कुंभार. नळ आणि कारंज्यांची तोंडं तो घडवून भाजायचा, आणि ती बसवायची.

खरं सांगायचं तर अशी कारागीर त्या नगरानं आधी पाहिलीच नव्हती. आल्या आल्या तिनं कुदळ मागितली नाही. आठ दिवस ती नुसती पाणसळ घेऊन बागेत फिरली. इथे टेकव, तिथे टेकव, डोळा बारीक करून बघ. माळी हसायचे. पण आठ दिवसांनी तिला बागेतला चढ न् चढ, उतार न् उतार पाठ झाला होता. उतारावर खालच्या नळांना पाण्याचा जोर जास्त, वरच्यांना कमी. म्हणून तिनं नवऱ्याकडून वरचे नळ रुंद करून घेतले आणि खालचे निमुळते, म्हणजे वरच्या आणि खालच्या कारंज्याचं पाणी सारखंच लांब उडेल. आधीच्या तिघांना हे सुचलं नव्हतं.

"अहो, या नळाचं तोंड करंगळीभर कमी करा," ती म्हणायची.

"करंगळी माझी की तुझी?" नवरा विचारायचा.

"माझी. तुमची म्हणजे अंगठाच की!"

असं हसतखेळत काम चाललं होतं. पण एका बाबतीत ती अजिबात ऐकायची नाही. ज्या माळरानावरून ती आली, तिथे घागरभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागायचं. तिच्या वडिलांनी तिच्या हाती पाणसळ दिली तेव्हा एकच शपथ घातली होती, की एका जागी दोनदा पाणी पाडायचं नाही. एकदा भिजलेल्या मातीवर पुन्हा पडलेलं पाणी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं पाणी. ती शपथ तिनं जिवापाड पाळली. प्रत्येक कारंज्याभोवती तिनं दोरीनं वर्तुळ आखलं, जिथवर पाणी उडेल तिथवर. आणि बांगड्या शेजारी शेजारी मांडाव्यात तशी बारा वर्तुळं मांडली. एक वर्तुळ दुसऱ्याला फक्त टेकेल, आत बोटभरही शिरणार नाही.

बारापैकी दोनच कारंज्यांनी तिला दगा दिला. बागेच्या पूर्वेला जमिनीतून एक मोठा खडक वर आला होता. त्याच्यामुळे एक कारंजं सरकवून शेजारच्याच्या अगदी जवळ घ्यावं लागलं. तिथे दोघांचं पाणी एकमेकांच्या अंगावर पडत होतं. कारंजेवालीला त्याची इतकी लाज वाटली की तिनं त्या बाजूला कुणाला नेलंच नाही.

चार महिन्यांनी परीक्षेचा दिवस उगवला.

सकाळी सकाळी सगळं नगर बागेत लोटलं. वाफ्यावाफ्यात द्रोण ठेवले गेले. राणी चबुतऱ्यावर बसली. रांजणाशेजारी मोजणीदार उभा राहिला. हा मोजणीदार मोठा काटेकोर माणूस. तीस वर्षं त्यानं नगरातली सगळी मोजमापं केली होती आणि एकदाही त्याची चूक कुणी काढली नव्हती. त्यानं घटिकापात्र पाण्यात सोडलं आणि हात वर केला. वर डोंगरावर तळ्याचं दार उघडलं गेलं.

बारा कारंजी एकदम उडाली. उन्हात पाण्याचे बारा घुमट उभे राहिले. लोकांच्या तोंडून नुसतं "अहाहा!" निघालं. कुंभाराची छाती अशी फुगली की त्याच्या अंगरख्याचा बंद तुटला.

घटिकापात्र बुडालं. कारंजी थांबली. माळी द्रोण घेऊन रांगेनं यायला लागले. कारंजेवाली रांजणाच्या अगदी जवळ उभी होती. सूऽळ्‌ करून एकेक द्रोण आत रिकामा होत होता आणि पाणी रेघेकडे चढत होतं. मोगरेवाला माळी तर असा आला की त्याचा द्रोण वाटेतच सांडत होता. "बघा, माझा काठोकाठ!" असं तो येता-जाता सांगत होता.

मग एक म्हातारी माळीण आली. तिनं द्रोण दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. इतरांसारखी ती रांजणाच्या काठावरून वाकली, हात आत घातला आणि द्रोण उपडा केला.

आवाज आला नाही.

कारंजेवालीनं कान टवकारले. वाटलं, गलक्यात ऐकू आलं नसेल. म्हातारी मान खाली घालून निघून गेली. पुढे तीन-चार जणांच्या द्रोणांचा आवाज आला, आणि मग पुन्हा एक माळी तसाच वाकला, तसाच हात आत घातला, आणि पुन्हा आवाज नाही. नंतर आणखी एक. मग आवाज न करणारे द्रोण तिला मोजताच यायला लागले. रांग संपली तेव्हा दहा झाले होते. त्याशिवाय ज्यांच्या द्रोणांतून चार थेंब टपकले, अशी माणसं वेगळीच.

आणि तेवढ्यात मोजणीदार ओरडला, "टेकलं! पाणी रेघेला टेकलं! नव्हे, वर दोन बोटं गेलं!"

ढोल वाजायला लागले. कुंभार आनंदानं शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून मोकळा झाला. राणी शेला घेऊन उठली. कारंजेवालीनं फक्त मान वाकवायची होती. शेला अंगावर पडला असता, बागेचं पाटकरीपण आयुष्यभराचं झालं असतं, आणि दहा जणांनी आपलं तोंड कधीच उघडलं नसतं. त्या क्षणी तिच्या मनात काय काय आलं असेल, ते तुमच्या-माझ्याही मनात आलं असतं. चार महिन्यांची मेहनत. वडिलांनी दिलेली पाणसळ. नवऱ्याचं हसरं तोंड.

तिनं मान वाकवली नाही.

"राणीसाहेब, थांबा," ती म्हणाली. "माझं काम फसलंय."

ढोल थांबले. मोजणीदार लाल झाला. "फसलं? अगं, रेघेच्या वर दोन बोटं पाणी आहे. डोळ्यांनी बघ!"

"रांजणात आहे," ती म्हणाली. "दहा द्रोणांत नव्हतं." मग ती सरळ त्या म्हाताऱ्या माळणीपाशी गेली. "आजी, तुमचा द्रोण कोरडा होता ना?"

म्हातारी गोंधळली. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाली, "असू दे गं पोरी. तुझं काम कशाला अडवू? रांजण भरतोय ना, मग झालं. आणि चारचौघांत रिकामा द्रोण दाखवायचा म्हणजे... लाज वाटते बघ. लोक म्हणतात, हिच्या वाफ्याचाच दोष."

हे ऐकून कारंजेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कमरेची पाणसळ सोडली आणि राणीपुढे धरली.

राणी शहाणी होती. तिनं पाणसळ हातानंच मागे सारली. मग म्हणाली, "रांजणाच्या परीक्षेत तू उतरली आहेस. नियमानं मी तुझी पाणसळ घेऊ शकत नाही आणि शेला नाकारूही शकत नाही. आता तूच निवड. शेला घे आणि इथेच थांबूया. नाहीतर आजचा निकाल रद्द समज आणि महिन्याभरात पुन्हा परीक्षा दे. पण मग द्रोण रांजणात ओतायचे नाहीत. सगळ्यांत कमी पाणी ज्याच्या द्रोणात असेल, त्याच्यावरून तुझं काम ठरेल. एक जरी द्रोण कोरडा निघाला, तरी पाणसळ गेली."

कुंभारानं लांबूनच दोन्ही हात हलवून खुणा केल्या, की बाई, शेला घे!

"पुन्हा परीक्षा द्यायची," कारंजेवाली म्हणाली.

घरी जाताना कुंभार भराभरा पुढे चालत होता. दारापाशी आल्यावर म्हणाला, "चुकलं कुठे, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही."

"मग हो का म्हणालीस?"

"अहो, त्या आजीनं खोटं खोटं ओतलं. माझ्यासाठी! ते बघून मला शेला कसा घेता आला असता?"

कुंभारानं मान हलवली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. पण दुसऱ्या दिवशी तोच तिच्याआधी उठून बागेत जायला तयार झाला, हेही सांगायला हवं.

बागेत तिनं कारंजी सुरू करायला लावली आणि स्वतः पाण्यात शिरली. वर्तुळाच्या मध्यावर उभी राहिली तर नखशिखांत भिजली. चार कारंज्यांच्या मधल्या बेचक्यात उभी राहिली तर जेमतेम चार शिंतोडे. बांगड्या कितीही चिकटवून मांडल्या तरी त्यांच्या मधे फट राहतेच, तशी ती फट. हे तिच्या लक्षात आलं. पण कोरडे द्रोण होते ते तिथले नव्हते. ते कुठले?

ती चालत चालत कारंज्याच्या अगदी बुडाशी गेली, त्याला खेटून उभी राहिली. आणि चकित झाली. तिच्या अंगावर थेंबसुद्धा पडत नव्हता! पाणी कारंज्याच्या तोंडातून निघायचं, तिच्या डोक्यावरून उडत जायचं आणि लांब पडायचं. ज्या जागेतून सगळी बाग भिजायची, ती जागाच कोरडी होती. म्हातारीचा वाफा नेमका एका कारंज्याच्या पायाशी होता.

"बघा तरी!" ती ओरडली. "कारंज्याला स्वतःच्या पायावर पाणी घालताच येत नाही!"

"पण कारंजी बारा आणि कोरडे द्रोण दहा," कुंभार म्हणाला. बोलून चालून कुंभार तो, एकेक नग मोजायची सवय. "दोन कुठे गेले?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघंही पूर्वेच्या खडकाकडे धावले. जिथे तिनं लाजेनं कुणाला नेलं नव्हतं, तिथे. दोन कारंजी जवळ आल्यामुळे प्रत्येकाचं पाणी दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचत होतं. याचा पाय तो भिजवत होता, त्याचा हा. आणि त्या दोन कारंज्यांमधली माती सगळीकडे सारखी ओली होती. तिथली अबोली अशी तरारली होती की बागेत तशी दुसरी नव्हती.

कारंजेवाली त्या खडकावर बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. चार महिने जे चूक म्हणून ती लपवत होती, तेवढंच एक काम बरोबर झालं होतं.

पण आता खरी पंचाईत झाली. बाग सारखी भिजवायची तर प्रत्येक कारंज्याचं पाणी शेजारच्याच्या पायापर्यंत पोचायला हवं. म्हणजे एकाच जागी दोनदा, तीनदा पाणी पडणार. म्हणजे वडिलांची शपथ मोडणार. तिनं पाणसळ मांडीवर घेतली.

"बाबा म्हणायचे, दोनदा पडलेलं पाणी म्हणजे कुणाच्या तरी वाट्याचं पाणी," ती म्हणाली.

कुंभार जरा विचार करून म्हणाला, "ते का म्हणायचे? पाणी सगळ्यांना पुरावं म्हणूनच ना? मग दोनदा पडू दे, फक्त दोन्ही वेळा अर्धं अर्धं पडू दे."

नवऱ्याला ती बोलायची खूप, पण त्या दिवशी तिनं त्याला मनापासून शाबासकी दिली. वडिलांच्या शब्दांमागे जे होतं, ते त्यानं बरोबर ओळखलं होतं.

मग काम सुरू झालं. बारा कारंज्यांच्या जागी त्रेसष्ट कारंजी. एकाच्या पाण्यानं शेजारच्याचा पाय भिजेल इतकी जवळ जवळ. पण तोंडांची भोकं इतकी बारीक, की सगळी मिळून तळ्यातलं पाणी पूर्वीइतकंच लागेल. मधली पस्तीस कारंजी चहूकडे उडणारी. काठावरच्या चोवीसांची तोंडं अर्धीच उघडी, म्हणजे पाणी बागेतच पडेल, बाहेरच्या रस्त्यावर जाणार नाही. आणि चार कोपऱ्यांतल्या चार कारंज्यांचं तोंड फक्त पाव हिस्सा उघडं. कुंभार दिवसभर चाकावर, नाहीतर भट्टीपाशी. बारीक सुईनं एकेक भोक पाडताना त्याचे डोळे दुखून यायचे. "पुढल्या जन्मी रांजण घडवीन," तो म्हणायचा, "त्याला एकच मोठं भोक असतं."

महिना संपला. पुन्हा सगळं नगर बागेत लोटलं. पुन्हा द्रोण ठेवले, घटिकापात्र सोडलं. कारंजी उडाली. या वेळी मोठे घुमट नव्हते, बागेवर नुसतं धुकं उतरल्यासारखं झालं. "अहाहा" फारसं कुणी केलं नाही. काही जण तर म्हणाले, मागच्या वेळी जास्त मजा आली होती.

घटिकापात्र बुडालं. माळ्यांनी आपापले द्रोण उचलून चबुतऱ्याच्या पायऱ्यांवर मांडले. मोजणीदार हातात खुणा केलेली काडी घेऊन निघाला. त्याच्या मनात अजून थोडा राग होता, आणि तो एकेका द्रोणात काडी अगदी निरखून बुडवत होता. पहिल्या पायरीवरून शेवटच्या पायरीवर गेला. परत आला. पुन्हा गेला. कारंजेवालीनं नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. पाणसळ तिच्या कमरेला होती, आणि पुढच्या घटकेला असेल की नाही हे त्या काडीवर होतं.

"राणीसाहेब," मोजणीदार शेवटी म्हणाला, "कोरडा एकही नाही. आणि सगळ्यांत कमी कुठला, ते सांगणं कठीण आहे. तांदळाच्या दाण्याएवढा फरक आहे. काढायचाच म्हटला तर... हा." आणि त्यानं मोगरेवाल्या माळ्याचा द्रोण उचलला.

"म्हणजे काय!" मोगरेवाला उसळला. "माझा तर काठोकाठ भरायचा!"

"भरायचा, आणि दर वर्षी मोगऱ्याची मुळं कुजायची," म्हातारी माळीण म्हणाली. "तेही सांग की जरा!"

सगळी बाग हसली. मोगरेवालाही ओशाळून हसला, कारण ते खरं होतं.

म्हातारीनं आपला द्रोण पायरीवरून उचलला. आत बोटाच्या पेरभर पाणी होतं. ती ते सगळ्यांना दाखवत सुटली. या बाजूला दाखव, त्या बाजूला दाखव. कुणी विचारलं नाही तरी दाखव.

ढोलवाल्यांनी ढोल उचलले. पण मोजणीदार जागचा हलला नाही. तो काडीकडे बघत उभा होता. मग तो माळ्यांकडे वळला आणि त्याच्या नेहमीच्या करड्या आवाजात नाही, तर जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मला एक विचारायचंय. आधीच्या तीन कारागिरांच्या वेळी... कुणी रिकामा द्रोण ओतला होता का?"

माळी एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग म्हातारीनं हात वर केला. तिच्यामागे एका निशिगंधवाल्यानं केला. मग इकडे एक, तिकडे दोन. बघता बघता चाळीसच्या वर हात वर झाले. त्यांत काही माणसं अशी होती, की ज्यांच्या बापानंही तेच केलं होतं. आणि इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, की रिकामा द्रोण आपला एकट्याचाच.

मोजणीदार मटकन पायरीवर बसला. "तीस वर्षं मोजलं मी," तो म्हणाला. "एक थेंब चुकलो नाही. आणि ही माणसं मोजायचीच राहिली."

राणी उठून उभी राहिली. ती त्या वर झालेल्या हातांकडे बघत होती. "मोजणीदार, तुम्ही एकट्यानं मोजलं नाही," ती म्हणाली. "रेघ बघून शेले मी दिले. तिन्ही वेळा मी टाळ्या वाजवल्या, आणि ही माणसं समोर उभी होती." मग ती हात जोडून माळ्यांपुढे वाकली. राणी माळ्यांपुढे वाकलेली त्या नगरानं आधी कधी पाहिली नव्हती.

शेला कारंजेवालीच्या अंगावर पडला तेव्हा ढोल वाजले खरे, पण बऱ्याच जणांना ते ऐकू आले नाहीत, कारण ते रडत होते. कुंभार तर सगळ्यांत मोठ्यानं रडत होता आणि धूर डोळ्यांत गेला असं सांगत होता. भट्टी तिथून अर्ध्या कोसावर होती.

त्या दिवसानंतर त्या नगरात पाणी असो, धान्य असो की गोडधोड, वाटायचं झालं की मोजणीदार आधी शेवटच्या घरी जाऊन विचारायचा, "तुमच्याकडे किती पोचलं?" मग तिथून उलटं मोजत यायचा. कारंजेवाली पुढे खूप वर्षं पाटकरीण होती. तिच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी चालू कारंज्याच्या बुडाशी नेऊन उभं करायची आणि विचारायची, "भिजलास का?"

तात्पर्य: रांजण भरला म्हणून सगळ्यांची तहान भागली असं समजू नये, सगळ्यांत रिकाम्या द्रोणात आधी डोकावून बघावं. आणि आपला पाय आपल्याला भिजवता येत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या पायापर्यंत पोचेल इतकं पाणी प्रत्येकानं उडवावं.